ध्यान दिले तरच ध्यानात राहते

“डॉक्टरसाहेब, पोराच्या डोक्यात काही राहूनच नाही राहिलं. वाचते तवा समजते, अन् पेपरात सारं पुसून जाते. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या.”

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की कारंज्यातील माझ्या दवाखान्यात दर दोन-चार दिवसांनी हे वाक्य कानी पडते. कधी वडील म्हणतात, कधी आई. बाजूला मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. नोकरदार माणसे हीच तक्रार वेगळ्या शब्दांत करतात. गाडीची किल्ली सापडत नाही, गॅस बंद केला की नाही आठवत नाही, बोलता बोलता मुद्दाच सुटून जातो. साठी ओलांडलेल्यांच्या मनात तर धसकाच असतो की हा म्हातारपणीचा बुद्धिभ्रंश तर नव्हे?

अलीकडे या मंडळींचा आणखी एक प्रश्न असतो. “साहेब, ध्यान केल्याने स्मरणशक्ती वाढते म्हणतात. खरे आहे का?” मोबाइलवर रोज कोणी ना कोणी तसे सांगत असते. कोणी सात दिवसांत, कोणी एकवीस दिवसांत मेंदू तल्लख करून देण्याची हमी देतो. म्हणून आजच्या लेखात याच प्रश्नाचा, हमी न देता, थोडा विस्ताराने विचार करू.

वाचकहो, आपल्या भाषेची एक गंमत पाहा. शिक्षक वर्गात म्हणतात, “इकडे ध्यान द्या.” आई म्हणते, “सांगितलेलं ध्यानात ठेव.” आणि आजोबा सकाळी डोळे मिटून ध्यानाला बसतात. लक्ष देणे, आठवण ठेवणे आणि मन एकाग्र करणे या तिन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचा मूळ पाली शब्द ‘सति’ आहे. सति म्हणजे संस्कृतातील ‘स्मृति’. लक्ष आणि आठवण यांचे हे नाते आता प्रयोगशाळेतही तपासले जात आहे.

डोक्यातली पाटी

स्मरणशक्ती ही एकच वस्तू नाही. शाळेतील पाढे, लग्नाची तारीख, गावातील रस्ते या गोष्टी वर्षानुवर्षे साठून राहतात. ती झाली दीर्घकाळची स्मृती. दुसरी स्मृती फार थोड्या वेळाची, पण अत्यंत कामाची आहे. समजा तुम्ही बाजार समितीत ६ क्विंटल सोयाबीन नेले आणि भाव ४,३०० रुपये लागला. तुम्ही मनात हिशेब केला, २५,८०० रुपये. त्यातून हमाली-तोलाईचे १८० वजा जाता २५,६२०. हे आकडे काही क्षण मनात धरून ठेवायचे आणि त्याच वेळी त्यांच्यावर क्रियाही करायची, हे काम ज्या स्मृतीने होते तिला वर्किंग मेमरी म्हणतात. आपण तिला ‘कामाची पाटी’ म्हणू. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या पाटीचा आराखडा मांडला आणि तेव्हापासून तिच्यावर जगभर संशोधन सुरू आहे.

ही पाटी किती लहान असते ते स्वतःच पाहा. ७, २, ९, ४, १ हे आकडे एकदाच वाचा, डोळे मिटा आणि उलट्या क्रमाने म्हणा. पाच आकडे बहुतेकांना जमतील. आता घरातील कोणाला तरी सात आकडे सांगायला लावा आणि ते उलटे म्हणून पाहा. बहुतेक जण अडखळतात. नुसते आकडे जसेच्या तसे म्हणायचे असतील तर साधारण सातपर्यंत मजल जाते. पण त्यांची उलटापालट करायची म्हटली की पाटी अपुरी पडते. नेल्सन कोवन या संशोधकाने २००१ साली दाखवून दिले की पाठांतराच्या युक्त्या वगळल्या तर माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. यात लाजण्यासारखे काही नाही. सगळ्या माणसांची पाटी लहानच असते.

गणितातील हातचा, लांब वाक्याचा अर्थ, शिक्षकांचे स्पष्टीकरण, स्वयंपाकातील “मीठ घातले की नाही” हे सारे या पाटीवरच चालते. पुढे ज्यातले काही कायमचे साठायचे असते तेही बहुधा आधी येथे लिहिले जाते. पाटीवर जे लिहिलेच गेले नाही ते पुढे आठवणार कोठून?

पाटीवर कोण गिरगटते?

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. पाटी लहान आहे ही एक गोष्ट. पण त्या लहान पाटीवरही आपण नको ते लिहीत बसतो. पुस्तक उघडे असते, डोळे ओळींवरून फिरत असतात आणि मनात चालू असते, “काल मित्र असे का बोलला? पेपर अवघड गेला तर बाबा काय म्हणतील?” पान संपते आणि ध्यानात येते की काहीच वाचले गेलेले नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे २,२५० प्रौढांना दिवसातून अवचित फोनवर विचारले जाई की तुम्ही आता काय करीत आहात आणि मन त्याच कामात आहे की दुसरीकडे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातील कामाबाहेर होते. म्हणजे जागेपणाचा जवळपास निम्मा वेळ.

मन भटकणे हा रोग नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मेंदूत काही भागांचे एक जाळे असे आहे की आपण बाहेरच्या कामात गुंतलेलो नसताना ते अधिक काम करते. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी २००१ साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले. मागचे आठवणे, पुढचे ठरवणे, स्वतःविषयी विचार करणे हे सारे या जाळ्याशी जोडलेले आहे. ते नसते तर पेरणीचे नियोजन झाले नसते आणि कविताही सुचल्या नसत्या. त्रास तेव्हा होतो, जेव्हा मन नको त्या वेळी भटकते आणि भटकले आहे याचा पत्ताच आपल्याला लागत नाही. काळजी असली की हे अधिक होते. काळजी स्वतःच पाटीवरची बरीचशी जागा अडवून बसते. म्हणूनच घरी येणारे गणित परीक्षेत येत नाही.

इगतपुरी आणि मॅसॅच्युसेट्स

ध्यानाचा सराव नेमका याच ठिकाणी उपयोगी पडू शकतो. आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्याची सुरुवात केली. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि विपश्यना शिकवू लागले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त ‘आनापान’ असते, म्हणजे नैसर्गिकपणे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा नाही. पुढे राज्याचा शालेय शिक्षण विभाग आणि विपश्यना संशोधन संस्था यांनी मिळून ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांतील मुलांना हेच आनापान शिकवण्यास सुरुवात केली. आपल्यापैकी काही पालकांच्या मुलांनी ते शाळेत केलेही असेल.

आपल्या कारंज्यात जैन घरांतून सामायिक करण्याची जुनी रीत आहे. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, एका जागी समभावाने बसायचे. त्यामागील श्रद्धेचा विषय वेगळा आहे आणि तो या सदराचा नाही. पण एका जागी बसून मनाला पुन्हा पुन्हा ठिकाणावर आणणे ही सवय आपल्या गावाला परकी नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली बौद्ध परंपरेतील हा सराव धार्मिक विधी बाजूला ठेवून, अभ्यासक्रमाच्या रूपात रुग्णांना शिकवायला सुरुवात केली. दीर्घकाळ वेदना सोसणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यानंतर हा विषय रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत पोहोचला. मराठीत त्याला आता ‘सजगता’ म्हणतात. आपला जुना शब्द ‘भान’ मला अधिक जवळचा वाटतो. आपण भानावर येतो म्हणजे काय होते? मन दुसरीकडे होते, ते इकडे आले.

प्रयोग काय सांगतात?

मूळच्या भारतीय असलेल्या अमेरिकेतील शास्त्रज्ञ अमिशी झा यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लढाईवर जाण्याच्या तयारीत असलेल्या अमेरिकन मरीन सैनिकांच्या एका तुकडीला आठ आठवडे सजगतेचे शिक्षण दिले, दुसरीला दिले नाही. तयारीचा काळ अतिशय ताणाचा असतो. शिक्षण न मिळालेल्या तुकडीची वर्किंग मेमरी या काळात घसरली. शिक्षण मिळूनही ज्यांनी घरचा सराव थोडाच केला त्यांचीही घसरली. ज्यांनी रोज नेटाने सराव केला त्यांची मात्र टिकली, किंचित वाढलीही. नुसते वर्गात बसून काही झाले नाही, हे या प्रयोगातून घेण्यासारखे आहे.

२०१३ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठात मायकेल म्राझेक व सहकाऱ्यांनी ४८ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे सजगतेचा वर्ग, दुसऱ्याला तेवढाच वेळ आहारशास्त्राचा वर्ग. पहिल्या गटाची वर्किंग मेमरी सुधारली आणि उतारा वाचून उत्तरे देण्याच्या परीक्षेतील गुणही वाढले. मात्र हा फायदा मुख्यतः त्यांना झाला, ज्यांचे मन आधी फार भटकत होते. सरावाने त्यांचे भटकणे कमी झाले म्हणून गुण वाढले.

यावरून माझी समजूत अशी झाली आहे, आणि आजच्या लेखाचा गाभाही हाच आहे. ध्यानाने पाटी फारशी मोठी होत नाही. पाटीवरचे फुकटचे गिरगटणे कमी होते, त्यामुळे आहे ती पाटी कामासाठी मोकळी मिळते. ज्याची पाटी आधीच स्वच्छ आहे त्याला फरक थोडाच जाणवेल.

आता दुसरी बाजू. यातील बरेच प्रयोग लहान गटांवर झालेले आहेत. अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तर लक्ष आणि वर्किंग मेमरी यांवरील परिणाम दिसतो, पण तो बेताचा असतो. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतील ८ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. ज्या शाळांत शिक्षकांनी सगळ्या वर्गाला सजगता शिकवली, तेथील मुलांचे मानसिक आरोग्य इतर शाळांतील मुलांपेक्षा चांगले आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. तो प्रयोग मनःस्वास्थ्याचा होता, स्मृतीचा नव्हता, तरी त्यातून शिकण्यासारखे आहे. सगळ्यांना एका रांगेत बसवून “डोळे मिटा” म्हटल्याने काम होत नाही. ज्याला करावेसे वाटते आणि जो रोज करतो, त्यालाच काही मिळण्याची शक्यता असते.

माझी स्वतःची चूक

हा विषय मी केवळ वाचून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. तापाची साथ होती. दुपारचे तीन वाजले तरी बाहेर बाकांवर माणसे होती. एक बाई लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आल्या. सोबत आठवीतली मुलगी होती. मी नेहमीप्रमाणे विचारले, “कुठल्या औषधाचा त्रास होतो का?” त्या म्हणाल्या, “हो साहेब, सल्फाच्या गोळीनं अंगावर फोड येतात.” तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून मुलाचा होता, खोलीच्या भाड्याचे काहीतरी. मी फोन कानाला लावून चिठ्ठी लिहिली. लिहिले ते सल्फाचेच औषध.

दहा मिनिटांनी ती मुलगी औषधाचे पाकीट हातात घेऊन परत आली. “काका, हे तेच हाय ना, ज्यानं आईचं अंग सुजलं होतं?” मागच्या वेळच्या पाकिटावरचे नाव तिने लक्षात ठेवले होते. मी औषध बदलून दिले, त्या बाईंची माफी मागितली. त्यांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. सल्फाची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे.

माझी स्मरणशक्ती गेली होती का? नाही. त्या बाईंचे वाक्य माझ्या कानावर पडले, पाटीवर मात्र टिकले नाही, कारण त्याच क्षणी पाटी खोलीभाड्याने भरली. ध्यान नव्हते, म्हणून ध्यानात राहिले नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. रुग्ण तपासताना फोन कंपाउंडरकडे देऊन टाकतो आणि ॲलर्जी असेल तर केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईने लिहितो. ही झाली बाहेरची व्यवस्था. दुसरे म्हणजे सकाळी गच्चीवर बारा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसू लागलो. माझी स्मरणशक्ती वाढली असे मी म्हणणार नाही. मन पूर्वीइतकेच भटकते, पण भटकल्याचे लवकर कळते. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पेन टेकवून एक श्वास पाहतो आणि स्वतःला विचारतो, “हा माणूस काय म्हणाला?” एवढा फरक मला पुरेसा वाटतो. तरीही लाल शाई मी सोडलेली नाही. कितीही ध्यान केले तरी माणूस चुकतो. म्हणून लिहून ठेवावे.

सराव कसा करावा?

यासाठी पैसे लागत नाहीत, खास जागा लागत नाही. धर्म कोणताही असो, नसो.

१) वेळ ठरवून घ्या. सकाळी तोंड धुतल्यावर किंवा अभ्यासाला बसण्यापूर्वी. सुरुवातीला पाच मिनिटे, मग हळूहळू दहा-बारा मिनिटे.

२) खुर्चीवर किंवा जमिनीवर, पाठ सरळ पण ताठर न करता बसा. गुडघे दुखत असतील तर मांडी घालण्याचा हट्ट नको.

३) डोळे मिटा किंवा अर्धवट उघडे ठेवा. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणून घ्या. तो लांब करू नका, मोजण्याचीही गरज नाही.

४) मन जाईल. अर्ध्या मिनिटातच जाईल. जाणवले की चिडू नका. “गेले होते” एवढे नोंदवा आणि पुन्हा श्वासावर या.

५) दहा मिनिटांत पन्नास वेळा मन गेले आणि पन्नास वेळा परत आणले, तर सराव चांगला झाला असे समजा. मन जाणे म्हणजे अपयश नव्हे. परत आणणे हाच व्यायाम आहे.

६) दिवसात एखादे रोजचे काम फोन, टीव्ही बाजूला ठेवून करा. जेवण असो, भांडी घासणे असो की गाईला चारा टाकणे असो.

निदान आठ आठवडे रोज करा आणि मग ठरवा. दोन दिवसांत काही जाणवले नाही म्हणून सोडू नका. आठ आठवड्यांनी काहीच फरक वाटला नाही तर स्वतःला दोषही देऊ नका.

आधी हे तपासा

आता मी डॉक्टर म्हणून सगळ्यात महत्त्वाचे सांगतो. विसरभोळेपणाची अनेक कारणे अशी असतात की त्यांवर साधे औषध चालते. ध्यानाच्या नादात ती राहून जाऊ नयेत.

गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. नावे आठवत नाहीत, पायांना मुंग्या येतात, थकवा असतो. रोज पहाटे तासभर ध्यान करीत आणि तरी विसरतो म्हणून खचले होते. रक्त तपासले तर बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारातून मिळत नाही आणि गुरुजी दूधही घेत नव्हते. इंजेक्शने सुरू केली. चार महिन्यांत मुंग्या कमी झाल्या आणि बोलताना नावे सुचू लागली. “म्हणजे माझं ध्यान वाया गेलं?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “गुरुजी, वाया काही गेलं नाही. फक्त पाटी कोरडी पडली होती, तिला आधी खडू पाहिजे होता.”

रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, बी-१२ची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, औषधांमुळे वारंवार साखर उतरणे, रात्री घोरताना श्वास अडकणे, कमी झोप, दारू, आणि उदासीनता किंवा नैराश्य ही विस्मरणाची नेहमीची कारणे आहेत. झोपेच्या काही गोळ्या, विशेषतः अल्प्राझोलामसारख्या, आणि सर्दीच्या सुस्ती आणणाऱ्या गोळ्या यांनीही लक्ष आणि स्मृती मंदावते. अशा गोळ्या मनाने सुरू करू नका आणि बऱ्याच दिवसांपासून चालू असतील तर मनाने एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा.

किल्ली कोठे ठेवली हे विसरणे सर्वांच्याच वाट्याला येते. पण ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणे, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, स्वभाव बदलणे अशी लक्षणे घरच्यांना दिसली तर तपासणी लांबवू नये. एकाएकी बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा माणूस अचानक गोंधळला, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. तेथे एक मिनिटही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

ध्यान सगळ्यांनाच मानवते असेही नाही. ज्यांना भास होतात, तीव्र नैराश्य आहे, आत्महत्येचे विचार येतात किंवा एखाद्या भयंकर घटनेचा आघात मनावर आहे, त्यांनी अनेक दिवसांची मौन शिबिरे मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत. अशांचा त्रास कधी कधी वाढतो. डोळे मिटून बसल्यावर घाबरल्यासारखे झाले तर डोळे उघडा, उठा, चार पावले चाला. चालू असलेली औषधे तर ध्यानासाठी कधीच बंद करू नयेत.

त्या मुलाचे काय झाले?

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बारावीच्या मुलाकडे परत येऊ. वडील टॉनिकसाठी अडून बसले होते. मी त्यांना बाहेर बसवले आणि मुलाशी बोललो. रात्री दीडपर्यंत अभ्यास, मध्ये मध्ये फोन, पहाटे पाचला वडील उठवतात. झोप साडेतीन तास. जेवण घाईचे. मनात सतत एकच विचार, “बापाने शिकवणीसाठी उधार घेतलं, आता नंबर नाही लागला तर?” रक्त तपासले, हिमोग्लोबिनही थोडे कमी निघाले.

वडिलांना आत बोलावून म्हटले, “भाऊ, याच्या डोक्याला काही झालं नाही. याची झोप अन् याचं भय, दोन्ही तुमच्या हातात आहे. टॉनिकाचे पैसे राहू द्या. याला सात तास झोपू द्या.” लोहाच्या गोळ्या दिल्या. फोन रात्री आईकडे ठेवायचा ठरले. आणि शाळेत आनापान शिकल्याचे तो म्हणाला, म्हणून अभ्यासापूर्वी रोज दहा मिनिटे तेच करायला सांगितले.

वडील जरा वेळ गप्प बसले. मग मुलाकडे न पाहता म्हणाले, “उधारीचं मी पाहून घेईन. तुले त्याच्याशी काय करायचं?” माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत चांगले औषध तेच होते.

दोन महिन्यांनी तो एकटाच आला. चमत्कार झाला असे त्याने सांगितले नाही. म्हणाला, “काका, मन अजूनही जाते. पण पहिले पान संपल्यावर समजत होतं, आता दोन-तीन ओळींतच समजते. मग परत येतो.” फरक यातले कशाने पडला, झोपेने, लोहाने, वडिलांच्या बोलण्याने की श्वासाने, ते मी वेगळे करून सांगू शकत नाही. सांगण्याची गरजही वाटत नाही. चारही गोष्टी स्वस्त आहेत आणि चारही आपल्या घरात करण्यासारख्या आहेत.

तात्पर्य एवढेच. मन जाईल हे गृहीत धरा, गेलेले ओळखायला शिका आणि परत आणा. पुरेशी झोप घ्या, रक्त तपासून घ्या, महत्त्वाचे ते लिहून ठेवा. आणि मुलाच्या डोक्यात काही राहत नाही असे वाटले, तर दुकानात टॉनिक शोधण्यापूर्वी त्याच्या डोक्यात आधीच काय भरून राहिले आहे, ते एकदा शांतपणे विचारा.